दारात उभं राहिलेलं ‘विल’

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

बाळीवेस, सोलापूर
डिसेंबर १९७४

चि. सौ. जगदेवीला,

अक्काचा आशीर्वाद, आणि माझ्या पत्रांना उत्तर न धाडल्याबद्दल दंडाला एक चिमटा. दोन्ही जिथल्या तिथे पोचले असं समजते. तुझ्या सासूबाईंचे गुडघे थंडीत कसे आहेत? संगप्पाचा अभ्यास चालला आहे ना? म्हैस व्यायली का? इकडे तुझे दाजी ठीक आहेत, फक्त नवीन चष्मा घरात कुठे ठेवला ते जुना चष्मा लावून शोधत असतात. अप्पांची तब्येत उत्तम. त्यांच्या खोकल्याबद्दल तू काळजी करायचीस म्हणून सांगते, खोकला आता आजार म्हणून उरलेला नाही. तो त्यांना हवा तेव्हा काढता येतो आणि नको तेव्हा ठेवून देता येतो. कुणी मनाविरुद्ध बोलू लागलं की येतो. बाकी विशेष काही नाही. सहज लिहायला बसले.

आता सहज लिहायला बसलेच आहे तर आपला भाऊराया शिवपुत्र आणि त्याची बायको घरात कशी आली तेवढं सांगते. तू का आली नाहीस याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही असं ठरवलं आहे. (तुझ्या नणंदेसाठी तू शिवाचा शब्द सासरी देऊन बसली होतीस, आणि तो तिकडे विलायतेत कापडगिरणीतलं शिकायला म्हणून गेला आणि रजिस्टर लग्न करून मोकळा झाला. त्यापायी तुला काय काय ऐकावं लागलं असेल ते मला कळतं. पण अक्षर लिहिणार नाही म्हणजे नाही. हे कंसातलं धरू नकोस.) तू नव्हतीस, आणि काम तुझं होतं, म्हणून कसं पार पडलं त्याचा हिशेब तुला देणं भाग आहे.

शिवाची ‘येतोय’ अशी तार आली त्या दिवशी अप्पा दुकानातून लवकर आले, चादरींच्या गठ्ठ्यासारखे भिंतीला टेकून बसून राहिले. मी वाटच बघत होते की आता ‘येऊ नका’ अशी उलटी तार करायला सांगतात. दुसऱ्या दिवशी जेवताना शेंगाचटणीकडे बघत म्हणाले, “येऊ दे त्येला. पण माझ्या उंबऱ्यावर आजवर सगळ्या सुनांना जे इचारलं, त्येच हिला इचारायचं. हिला ते कळलं पायजे, आन् उत्तर हिनंच द्यायचं. शिवानं मधी तोंड घातलं की संपलं. स्टेशनासमोर लॉज हाय की, तितं ऱ्हावा म्हणावं.”

म्हणजे दार अडवणं. तुला काय सांगायचं, तू त्यातली उस्ताद. भाऊ बायको घेऊन आला की बहिणीनं दोन्ही हात चौकटीला लावून उभं राहायचं, ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का?’ विचारायचं, नव्या नवरीनं मान खाली घालून ‘देते’ म्हणायचं, की बहीण बाजूला. चुलतभावांच्या लग्नांत तू दार अडवायला लागलीस की बाहेरची वरात हसून थकायची. मी तेव्हा कुठे असायची ते तुझ्या लक्षातही नसेल. मी आतून ओवाळणीचं ताट आणायला गेलेली असायची. मला कुणी ‘तू जा’ म्हटलं नाही कधी. पण मूल नसलेल्या बाईनं कुणासाठी मुलगी मागायची, हा विचार कुणाच्या चेहऱ्यावर येण्याआधीच मी ताट आणायला निघून जायची. यावेळी तू नाहीस. दार माझ्या वाट्याला आलं. आणि खरं सांगू जगू, मला भीती वाटली ती इंग्रजीची नव्हे. हा एवढा एक प्रश्न नीट विचारला गेला नाही, तिला कळला नाही, तर शिवा उंबऱ्यावरून परत फिरेल आणि पुन्हा येणार नाही. मग अप्पांच्या मागे तुला नि मला माहेर म्हणायला काय राहील? मी चार गल्ल्या ओलांडून रोज येते म्हणून काय झालं! त्या घरात कुणी ‘आलीस?’ म्हणणारं असलं तर येण्याला अर्थ.

माझी इंग्रजी तुला माहीतच आहे. लग्नाआधी शाळेत जेवढी झाली तेवढी, आणि नंतर गठ्ठ्यांवरचे छाप वाचून जेवढी टिकली तेवढी. म्हणून चन्नप्पा मास्तरांकडे गेले. (रिटायर झाले तरी छत्री घेऊनच ओट्यावर बसतात; कुणी चुकीचं बोललं तर हाताशी असावी म्हणून.) मास्तरांनी वाक्य दिलं, ‘विल यू गिव्ह युवर डॉटर टू माय सन?’ मी म्हटलं, मास्तर, ‘यू विल’ म्हणतात ना? तुम्हीच शाळेत शिकवलं होतं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी छत्री खाली ठेवली. म्हणाले, “ते सांगताना, रत्नम्मा! विचारताना ‘विल’ उठून पुढे येतं.” आणि मला ते नीट दिसावं म्हणून त्यांनी समोरच्या घरातल्या पार्वतम्माला हाक मारली. तिला केलं ‘विल’, मला केलं ‘यू’. आधी मी पुढे, ती मागे. मग मास्तरांनी टाळी वाजवली की तिनं माझ्या पुढे यायचं, म्हणजे झाला प्रश्न. पुन्हा टाळी, पुन्हा मागे, म्हणजे झालं उत्तर. असं काही वेळा झाल्यावर पार्वतम्मा मधेच बसली. “मास्तर, मी हिच्या आयच्या वयाची. मला मागं-पुढं काय नाचिवतोस? एकदा काय ते ठरीव, मी पुढं का ही पुढं.” मास्तर म्हणाले, अहो तेच तर सांगतोय. पार्वतम्मा म्हणाली, “सांगू नगं, ठरीव.”

पण मला ते एकदम पटलं बघ. घरी भाकऱ्या थापताना विचार करत राहिले. आपल्या मराठीत ‘का’ असतो शेवटाला, आणि आपली अव्वा कानडीत विचारायची त्यातही तसंच, ‘मगळन्न कोडतीयेन?’, म्हणजे ‘मुलगी देशील का?’, विचारणं सगळ्यात शेवटी. वाक्य संपेपर्यंत समोरच्याला कळत नाही आपण सांगतोय की विचारतोय. (म्हणूनच तुझे दाजी माझं वाक्य अर्ध्यावर आलं की ‘बरं’ म्हणून उठतात.) आणि आपल्यालाही एक पळवाट राहते. ‘तू मला यंदा पंचमीला माहेरी नेशील’ इथपर्यंत यायचं, समोरचा चेहरा बघायचा, कपाळाला आठी दिसली की तो ‘का’ गिळून टाकायचा नि हसायचं. किती ‘का’ गिळले असतील मी! इंग्रजीत ती सोय नाही. पहिला शब्द उच्चारला की प्रश्न दारात येऊन उभा. काय धीट भाषा आहे! मी तर त्या लोकांवर खूष झाले. त्यांच्या साध्या साध्या बायका रोज सकाळी उठून असं कसं बोलत असतील?

एक मात्र समजलं नाही, ते ‘डू’. चहा आवडतो का विचारायला ‘डू यू लाइक टी?’ म्हणतात. मास्तरांना विचारलं, या ‘डू’चा अर्थ काय? म्हणाले, इथे काही अर्थ नाही, प्रश्नात पुढे यायला दुसरं कुणी नसलं की हा येतो. म्हणजे बघ, लग्नाच्या फोटोत एक गृहस्थ पुढच्या रांगेत कोट घालून उभे असतात, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे, आणि त्यांच्यावाचून फोटो मात्र निघत नाही. तसा हा ‘डू’. मी तो दाजींवर वापरून बघितला. ‘डू यू टेक टी?’ म्हटलं तर त्यांनी मुकाट्यानं उठून स्वतःच चहा केला, मलाही दिला, आणि हळूच विचारलं, “माझं काय चुकलं?” तेव्हापासून मी तो आठवड्यातून एकदा तरी वापरते.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पार्वतम्मानं घोळ घातला. गल्लीतल्या हळदी-बारशांची गाणी तीच म्हणते हे तुला ठाऊकच आहे. ती म्हणाली, “परश्न काय असा कोरडा इचारत्यात व्हय? कचेरीत इचारल्यागत? दार अडवायचं म्हंजी गाणं पायजे.” मी म्हटलं, गाणं इंग्रजीत कुठून आणू? तर म्हणाली, “शब्द तुजे, चाल माजी.” संध्याकाळी गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या आणि मास्तरांचं वाक्य पार्वतम्माच्या हातात पडलं. ‘विल’ पुढे ठेवलं तर टाळी चुकत होती. मग तिनं काय केलं असेल?

डॉटर युवर गिव्ह गं बाई, विल यू गं, विल यू
सनला माझ्या डॉटर गं बाई, विल यू गं, विल यू

मास्तर पलीकडच्या ओट्यावरून ऐकत होते. छत्री उघडत, मिटत, पुन्हा उघडत ते आले. म्हणाले, हे काय चाललंय? ‘विल यू’ शेवटी? हा प्रश्न आहे की पाळणा? तेवढ्यात वरातीचा बँड ठरवायला म्हणून मी बोलावलेले हुसेनभाई बँडमास्तर आले. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि क्लॅरिनेट मांडीवर ठेवून निकाल दिला, “मास्तर, गाने में कौन पूछता लफ्ज आगे का के पीछे का? ताल पे पाँव पडना, बस.” आणि त्यांनी लष्करच्या क्लबात पूर्वी वाजवलेलं कुठलंसं साहेबी गाणं म्हणून दाखवलं. मास्तर कान देऊन ऐकत होते नि त्यांचा चेहरा उतरत होता, कारण त्या गाण्यात चंद्र पहिला आला, मग बराच वेळ काही नाही, मग नदी, आणि काय घडलं ते सांगणारा शब्द पार शेवटी, दमून आल्यासारखा. शेवटी मास्तर म्हणाले, “कवींना सवलत असते.” पार्वतम्मा म्हणाली, “मग मला बी असूं दे की.”

या भांडणात मी कुणाच्या बाजूची ते मला ठरवता येईना. कारण आपल्याकडे तरी काय? बोलताना आपण म्हणतो, ‘माझा भाऊ लांब गेला.’ तेच गाण्यात घातलं की होतं, ‘गेला गं लांब भाऊ माझा’. ‘गेला’ पुढे धावतो. मला वाटतं, जे दुखतं ते गाण्यात आधी येतं, त्याला रांगेत उभं राहवत नाही. आणि इंग्रजांच्या प्रश्नात विचारणारा शब्द पुढे धावतो. म्हणजे विचारणं हेही दुखण्यासारखंच काहीतरी असलं पाहिजे. मास्तरांना हे बोलून दाखवलं असतं तर त्यांनी छत्रीच माझ्या हाती दिली असती, म्हणून बोलले नाही. तडजोड अशी झाली की आधी मी एकटीनं मास्तरांचं वाक्य मास्तरांच्या क्रमानं म्हणायचं, मग बायकांनी पार्वतम्माचं गाणं तिच्या क्रमानं, आणि हुसेनभाईंनी दोन्हीच्या मधे वाजवायचं.

आठवडाभर गल्ली विल-यू करत होती. भाजीवाली सोजरबाई टोपली उतरवताना ‘विल यू गं बाई’ म्हणू लागली. शब्द इकडचे तिकडे केले, परत जागेवर आणले, ‘डॉटर’चा ‘टर’ किती लांबवायचा यावर दोन घरांत अबोला झाला. पण जगू, एवढ्या सगळ्या शहाण्यांत एकाच्याही मनात आलं नाही की या शब्दांचा अर्थ काय होतो!

सकाळच्या गाडीनं ते उतरले. टांग्यातून डोरीन खाली आली. नाव डोरीन, पार्वतम्मानं उंबऱ्याला पोचायच्या आत ‘डोरीनम्मा’ केलं. उंच आहे, नाकावर वांग आहे, आणि इरकल लुगडं कुणीतरी तिला गाडीतच नेसवलेलं असावं, कारण एका हातानं ते धरूनच ती चालत होती. शिवा खूप वाळला आहे. अप्पा आतल्या खोलीत गादीवर, पाठ दाराकडे करून. उंबऱ्यावर तांदळाचं माप. मी दोन्ही हात चौकटीला लावले. ओवाळणीचं ताट आणायला आत पळावं असं वाटलं. पण पहिला शब्द ‘विल’ असल्याचा मोठा फायदा असा की एकदा तो तोंडातून सुटला की मागे फिरता येत नाही. मी विचारलं. अख्खं वाक्य, मास्तरांच्या क्रमानं. मास्तर टांग्याच्या चाकाला धरून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. लगेच क्लॅरिनेट, आणि लगेच सगळ्या बायका, टाळ्या वाजवत, डॉटर युवर गिव्ह गं बाई!

डोरीनचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या पोरीला काय ऐकू येतंय? दोन दिवसांचा प्रवास करून ती परक्या गावात आलीय, दारात एक बाई आडवी उभी आहे, मागे दहा बायका टाळ्या पिटताहेत, आणि सगळ्या मिळून तिच्याच भाषेत म्हणताहेत, तुझी मुलगी दे! मुलगी अजून झालेलीसुद्धा नाही. आपल्याकडे ‘देते’ म्हणणारीला कधी वाटत नाही की आपण काही देतोय. प्रश्न आपण इतक्यांदा विचारला की त्यातला प्रश्न निघून गेला. तिच्यासाठी तो खराखुरा होता. शिवानं समजावायला तोंड उघडलं, तर आतून अप्पांचा खोकला. तिनं नवऱ्याकडे बघितलं, त्यानं जमिनीकडे. मग तिनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या गर्दीत बहुधा मीच तिला तिच्याइतकी घाबरलेली दिसले असेन.

तिनं अगदी हळू, शब्द सुटे सुटे करून विचारलं, “हॅव यू अ सन?”

जगू, मला ते कळलं. मास्तरांनी न शिकवलेलं वाक्य, पण ‘हॅव’ पुढे येऊन उभं राहिलं तेव्हाच कळलं. टाळ्या थांबल्या. हुसेनभाईंनी क्लॅरिनेट तोंडापासून काढलं. पार्वतम्मा घाईनं म्हणाली, “आगं म्हण की देते, काय लागतंय त्याला!” गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून गल्लीत मला कुणी कधी विचारलं नाही. नवीन ओळखीची बाई ‘आणि मूलबाळ...’ इथवर येते आणि पुढचं गिळते. आपल्याकडे प्रश्न शेवटी असतो ना, तो गिळता येतो. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्यापुढे पूर्ण असा कुणी ठेवलाच नव्हता. मला वाटलं होतं, ठेवला तर मी मरून जाईन. मेले नाही. उलट कुणीतरी बसायला पाट दिल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “नो.”

ती विचार करत राहिली. खरंच विचार करत होती, दाखवायला नव्हे. लुगडं धरलेला हात सोडून तिनं तो माझ्या चौकटीवरच्या हातावर ठेवला (लुगड्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, सोजरबाईनं मागून सावरलं) आणि म्हणाली, “देन आय विल गिव्ह हर टू यू.”

मास्तरांनी टाळी वाजवल्याचा मला भास झाला. ‘विल’ दारातून मागे सरलं होतं आणि ‘आय’ आत आली होती. पण मी तशीच आडवी उभी. मला हलताच येईना.

आतून अप्पांनी विचारलं, “मास्तर, काय म्हणतीया?” मास्तर पुढे आले. चष्मा पुसला. म्हणाले, “मुलगी देते म्हणते, अप्पा. पण मुलाला नाही. रत्नम्मालाच देते म्हणते.” शिवानं टांग्यातली पेटी पुन्हा हातात घेतली होती, ते मी बघितलं. मग अप्पा गादीवरून उठले, दारापर्यंत आले, तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, चादरीचा पोत बघतात तसं, आणि म्हणाले, “माल त्योच हाय. गिऱ्हाईक बदललं.” आणि मला म्हणाले, “रत्ना, हो की बाजूला. पोरगी किती येळ उभी ऱ्हाईल?”

‘पोरगी’ म्हणाले, जगू. शिवानं पेटी खाली ठेवली ती मोठ्यानं आपटली, वाकल्या वाकल्या नाक पुसायचा बहाणा तो. माप ओलांडताना तिला कुणीतरी ‘पायानं’ अशी खूण केली असावी, तिनं असं मारलं की तांदूळ थेट हुसेनभाईंच्या क्लॅरिनेटमधे. त्यांचा पुढचा सगळा दिवस ते झटकण्यात गेला. तक्रार नाही केली. “बरकत है,” म्हणाले.

आता ती घरात अशी वावरते की जणू इथलीच एखादी जरा जास्त उंच वाढलेली. भाकरी थापते, ती तिकडच्या कुठल्याशा देशाच्या नकाशासारखी होते. अप्पा तो देश मुकाट्यानं खातात. दिवसभर विचारत असते. मला फार कौतुक वाटतं. आपण घरात सून आली की तिनं विचारू नये म्हणून किती जपतो, आणि ही प्रश्नाला लाजतच नाही. अव्वा, म्हणजे तिनं न पाहिलेली सासू, कशी होती, विचारलं. मला वाईट वाटतं का, विचारलं. मी खरी उत्तरं दिली. माझं मलाच नवल वाटलं. पार्वतम्माचं गाणं ती तांदूळ निवडताना म्हणते, आणि काल अप्पा दुकानात चादरींच्या घड्या घालताना तेच गुणगुणत होते. मी आत गेले तर खोकला आला.

संगप्पाला शुभाशीर्वाद. सासूबाईंना नमस्कार. म्हशीचं कळव. मोठ्या बहिणीचा हात उगाच डोक्यावरून फिरल्यासारखं वाटलं तर ते हे पत्र संपल्याचं समज.

तुझी अक्का,
रत्नम्मा

ता. क. तू म्हणशील, अक्कानं संगप्पाच्या वाटणीची मुलगी परस्पर स्वतःला घेतली. घेतली खरी. परत हवी असेल तर तुला स्वतः येऊन मागावी लागेल. शिवानं तिला सांगितलंय की मुलगा असलेली खरी नणंद मंगळवेढ्याला आहे. तेव्हापासून ती म्हणते, दार अर्धंच झालं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा होईपर्यंत ते दोघं इथे आहेत. तू दार अडव. मी ताट आणायला आत जाईन, आणि यावेळी मनापासून जाईन.

ता. ता. क. तुझ्या नणंदेचं जेऊरच्या स्टेशनातल्या बाबूशी ठरलं, आणि मुलगी इतकी खूष आहे की साखरपुड्यात सारखी हसत होती, असं इकडे कानावर आलंय. तेव्हा तू धरून बसलीस तो राग आता कुणाचा? तिचा नाही, तुझ्या सासरचा नाही. आम्हाला तरी कळव, म्हणजे ज्याचा त्याला देऊन टाकू.

आणखी एक. ‘सहज लिहायला बसले’ असं वर लिहिलंय ते खरं नाही. अप्पांनी समोर बसवून लिहायला लावलंय, आणि ‘माजं नाव घालू नगंस’ म्हणून बजावलंय. म्हणून घातलेलं नाही.

शेवटचं, आणि हे तातडीचं. डोरीन रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन मंगळवेढ्याच्या गाडीपाशी उभी राहते. तू दिसतेस कशी हे तिला ठाऊक नाही, म्हणून उतरणाऱ्या प्रत्येक बाईला ‘जगदेवी?’ विचारते. परवा एक बाई विचारून विचारून वैतागली आणि ‘व्हय बाई व्हय’ म्हणाली, तर ही तिला घरी घेऊन आली. भली बाई होती, जेवून गेली. अप्पा तेव्हा चष्म्याशिवाय होते, तुझ्यासाठी काढून ठेवलेली चादर त्यांनी तिच्या हातात दिली आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “आलीस की बाये.” ती बिचारी रडली, अप्पाही रडले, मग कुणाच्यानं सांगवेना. दुसरी चादर काढून ठेवली आहे.